गॅस अजून गार आहे

पहिल्याच भेटीत त्याने मला बायको म्हटलं, आणि मी ते मनावरही घेतलं नाही.

कितवे शहरातल्या चिसोकोने बाजारात माझं रेडिओ-फोन दुरुस्तीचं टेबल आहे. तामांडानी जेरे घरांवर सौर पॅनल बसवायचा. तार संपली म्हणून आला आणि म्हणाला, "काय गं बायको, काळी तार आहे का?" तो न्गोनी, मी बेम्बा. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं, अनोळखी माणसालाही वाटेल ते बोलावं आणि समोरच्याने मुळीच रागवू नये.

"उंदीरखाऊंना तार मिळत नाही," मी म्हटलं.

"माकडं खाणाऱ्यांनी बोलूच नये," तो म्हणाला आणि असा हसला, की माझ्या हातातला स्क्रू कुठे घरंगळला ते मला कळलंच नाही.

मग तो रोज येऊ लागला. रोज बायको म्हणायचा, बाजार हसायचा, मीही हसायचे... आणि घरी जाऊन तळमळायचे. यात खरं किती, कुणाला विचारणार?

आज तो पाठीवर पिशवी घेऊनच आला. सोल्वेझीला मोठं काम लागलं होतं, दुपारची बस होती — आणि त्याची तारा डाखायची, गॅसवरची सोल्डरिंग आयर्न पेटत नव्हती.

"खटखट करून बोट दुखलं गं."

मी ती टेबलाखालच्या खोक्याच्या अंधारात धरून बटण दाबलं. ठिणगी पडत होती. कानाशी नेली, गॅस फुसफुसत होता, पण अडखळत.

"आत्ताच भरलास ना? आतली हवा न काढता?"

मी स्क्रूड्रायव्हरने झडप दाबून टाकी रिकामी केली, गॅसचा डबा उलटा धरून पुन्हा भरली, गॅस कमीवर आणला. "थांब जरा. गॅस अजून गार आहे."

"बस सुटेल."

"सुटू दे." माझ्या तोंडून निघूनच गेलं. मी घाईघाईने आयर्न तळव्यांत धरली. त्याने वरून आपले हात ठेवले — लवकर गरम व्हावी म्हणून, म्हणे. मग मी बटण दाबलं, आणि मेली पहिल्याच खटक्याला पेटली.

ती निवताच त्याने पिशवीत टाकली. "येतो हं, बायको."

"पुरे!" मी ओरडले. "मला नाही सहन होत आता."

शेजारची टोमॅटोवाली मान वर करून बघायला लागली. बेम्बाने न्गोनीवर रागवायचं नसतं. माझे तर डोळेच भरून आले होते.

तो उकिडवा बसला आणि ओंजळीच्या हलक्या टाळ्या वाजवल्या, वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशा.

"चिलुफ्या," तो म्हणाला. नावाने पहिल्यांदाच. "शनिवारी माझे काका तुझ्या वडिलांकडे मध्यस्थ पाठवताहेत. मागणीची खूण दोन ताटल्यांत झाकून. त्याची थट्टा आम्हीसुद्धा करत नाही. ताटली उघडायची की तशीच परत पाठवायची, ते वडील तुलाच विचारतील."

पलीकडे बसचा कंडक्टर सोल्वेझी, सोल्वेझी ओरडत होता.

"शनिवार लांब आहे," मी म्हटलं.