आदल्या दिवशीचा पाट

"पोत्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"भुईमूग," तो म्हणाला.

भूमच्या स्टँडवरून परंड्याची यष्टी सुटायच्या बेतात होती. मी खिडकीपाशी, मांडीवर चिटाच्या कापडाचं भलंमोठं गाठोडं. तो माझ्या पुढच्या बाकाला पोतं टेकवून उभा. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या... आणि बोटांची टोकं चक्क रुपेरी! अशी बोटं मी जन्मात पाहिली नव्हती.

आता माझं तोंड. आमच्या आश्रमाच्या चालक पुतळाबाई म्हणतात, मथुरेच्या तोंडाला दार बसवायचं देव विसरला. मी गप्प बसायचं ना? पण नाही.

"यंदा पावसानं तोंड दाखवलं नाही, मग भुईमूग कुठून आला?" मी म्हणाले. "आणि भुईमुगाला गंधकाचा वास कधीपासून यायला लागला?"

कंडक्टरनं वाकून पोतं हुंगलं. पुढच्या मिनिटाला पोतं आणि पोत्याचा मालक दोघंही खाली उतरले होते. फटाके यष्टीतून न्यायचे नाहीत, हा नियम मला ठाऊक होता, म्हणून मी चांगली ऐटीत बसले. गाडी हलली तेव्हा सहज बाहेर पाहिलं. मला वाटलं होतं, तो चिडला असेल. तो तर हसत होता! आणि ते हसू परंडा येईपर्यंत काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या आश्रमाच्या दारात सायकलची घंटी वाजली. मीच दार उघडलं. घामानं निथळणारा तो, आणि सायकलच्या कॅरिअरवर करकचून बांधलेलं तेच पोतं.

"हितं मुलींचा आश्रम हाय न्हवं?" त्यानं विचारलं. मग मला ओळखलं, आणि डोळे बारीक करून म्हणाला, "भुईमूग आणलाय."

तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांनी आमच्या मुलींसाठी दिवाळीची भेट धाडली होती. फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रं. ती पोचवायला निघालेला महारुद्र मी अर्ध्या वाटेत उतरवला होता, आणि तो भूममधून भाड्याची सायकल काढून, तीसेक किलोमीटर पायडल मारत आला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कालच का नाही सांगितलंत... मुलींसाठी आहे म्हणून?" मी पाण्याचा तांब्या पुढं करत पुटपुटले.

"काल सांगाय पायजे हुतं खरं," तो म्हणाला. "पर तुमी बोलताना मधी बोलायला जागाच कुठं हुती?"

आमच्या आश्रमाची दिवाळी ही अशीच गावोगावच्या हातांनी व्हायची. साखर एका सोसायटीची, दूध संघाचं, चिटाचं कापड भूमहून, लाडू वळायला परंड्यातल्या बायका. बहात्तरच्या दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरींसाठी गावानं हे घर उघडलं. मी त्यातलीच. दहा वर्षांची आले, तिथंच वाढले, आणि आता तिथल्याच शिवणवर्गात लहान मुलींना शिकवत होते.

आश्रमात येणारा प्रत्येक पुरुष मला 'ताई' म्हणायचा. शंभर जणांची मी ताई. हा एकटाच शब्द शोधत बसायचा. "अवं... ते... मी काय म्हणतो..." करत डोकं खाजवायचा, पण ताई काही म्हणायचा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कारण त्यानंतर तो येतच राहिला. आठवडी बाजाराला परंड्यात काम निघालं म्हणायचा, आणि शिवणवर्गात बटण तुटलेला शर्ट घेऊन हजर.

"तेरखेड्यात शिंपी नाहीत का?"

"हायत की. पर ते गप बसून शिवत्यात. करमत न्हाय."

तिसऱ्या खेपेला मी शर्ट उजेडात धरून पाहिला. "हे बटण तुटलेलं नाही. कात्रीनं कापलंय."

"न्हाय, न्हाय... कात्री न्हवती," तो घाईनं म्हणाला. मग कानाच्या पाळीपर्यंत लाल होत, हळूच — "ब्लेड हुतं."

वर्गातल्या मुली खिदळल्या. मी वाकून दोरा ओवायला लागले. सुईचं नाक सापडेना. फटाक्यांच्या भुकटीनं रुपेरी झालेले त्याचे हात टेबलाच्या कडेवर विसावले होते, आणि मी उगाचच एका बटणाला आठ टाके घालत बसले.

मला कळत होतं माझं काय होतंय. त्याची भीतीही वाटत होती. आश्रमातल्या मुलींना कापड देणारे खूप असतात, लाडू देणारे खूप असतात. घरात घेणारे कुणी असतात का, ते मी अजून पाहिलं नव्हतं. हा माणूस दयेनं येतो की माझ्यासाठी येतो? तेवढं एक कळलं असतं, तर मला दुसरं काही नको होतं.

पुढची दिवाळी आली. आमच्याकडं सगळ्यात मोठा दिवस भाऊबीजेचा. त्या दिवशी गावातली माणसं मुलींचे भाऊ होऊन यायची. अंगणात पाट मांडायचे, कमिटीचे शंकरप्पा यादी वाचायचे, नाव आलं की भावानं पाटावर बसायचं आणि त्या मुलीनं ओवाळायचं. एकदा ओवाळलं की ते नातं जन्माचं. कोंडिबा मास्तर तर दहा वर्षांपूर्वीच्या बहिणींना अजून सणाला माहेरी आणतात.

माझं नाव मात्र यादीत कधी नसायचं. आश्रमातली मोठी म्हणून मी नेहमी तबकं भरायची, आणि संध्याकाळी माळवदावर जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या पोरीला भाऊ नाही तिचा भाऊ चांदोबा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

त्या वर्षी महारुद्र फटाके घेऊन नेमका भाऊबीजेलाच आला. आणि पुतळाबाईंनी मोठ्या मायेनं घोळ घातला.

"मथुरा," शंकरप्पांनी वाचलं. "भाऊ... महारुद्र, तेरखेडा."

मी तबक घेऊन गर्रकन वळले. निरांजनाची ज्योत आडवी झाली. पाटाभोवती तीस पोरी, सगळं गाव. महारुद्र भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला, पाटापाशी थांबला... आणि तसाच उभा राहिला.

"बसा की," शंकरप्पा म्हणाले.

"मला... न्हाय बसता येणार."

शंकरप्पांचा आवाज चढला. "का वं? आश्रमाच्या पोरीच्या हातनं ओवाळून घ्यायला कमीपणा वाटतो व्हय?"

"तसं न्हाय, आप्पा..."

"मग कसं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाटाकडं. बहिणीच्या नात्यातून सुटल्याचा आनंद एकीकडं आणि चारचौघांतला अपमान दुसरीकडं, आणि अपमानच मोठा वाटला. डोळ्यांत आलेलं पाणी मी आतल्या आत परतवलं.

"राहू द्या आप्पा," मी म्हणाले. "माझा भाऊ संध्याकाळी दिसेल वर. मला उसना भाऊ नको." आणि तबक घेऊन आत गेले.

दिवसभर मी बाहेर आले नाही. छोटी बनी मधूनमधून बातम्या आणायची. "ताई, ते अजून गेले नाहीत." "ताई, त्यांनी जेवायला नको म्हणलं." "ताई, बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं." "ताई, बाई हसतायत!"

दिवस मावळला, तशी मी तबक घेऊन माळवदावर चढले. पश्चिमेला, किल्ल्याच्या बुरुजावर, बीजेची कोर नुकती दिसायला लागली होती. खाली अंगणात मुलींच्या फुलबाज्या तडतडत होत्या. मी निरांजन लावलं, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

"मी जिन्यातच उभी आहे गं," पुतळाबाईंचा आवाज आला. "काय बोलायचं ते बोलून घ्या. मला नीट ऐकू येत नाही." बाईंना कुजबुजही ऐकू येते, हे अख्ख्या आश्रमाला ठाऊक होतं.

महारुद्र चार हात लांब थांबला. मी वळून पाहिलं नाही.

"रागावलाव?"

"आम्ही कोण रागावणार? आम्हाला काय, मिळेल ते घ्यायचं."

"असं बोलू नगा." तो एक पाऊल पुढं आला. "मला पाट नगं हुता असं न्हाय. पाट पायजे. पर... दिवस चुकला."

"कसला दिवस?" मी आता वळले.

"आज बसलो असतो, तर जन्मभराचा भाऊ झालो असतो." तो थांबला. खाली कुठंतरी भुईनळा उसळला आणि त्याचा चेहरा सोनेरी झाला. "मला आजचा न्हाय... आदल्या दिवशीचा पाट पायजे."

आदल्या दिवशी... काल काय होतं? काल तर — पाडवा! बायकोनं नवऱ्याला ओवाळायचा दिवस!

माझ्या हातातलं तबक कलंडलं. ते त्यानं पुढं होऊन खालून धरलं. त्याची रुपेरी बोटं आणि माझी बोटं तबकाखाली एकमेकांना लागली, आणि दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.

"सगळ्यांपुढं का नाही सांगितलंत?"

"आधी तुमाला इचारल्याबिगर? गावापुढं इचारलं असतं, तर तुमाला न्हाय म्हणायची सोयच राहिली नसती."

इतका वेळ परतवलेलं पाणी आता आपसूक गालांवर आलं. आम्हाला काही देताना, 'हवं का?' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"घरी काय म्हणतील?" मी हळूच विचारलं. "मी कुणाची, कुठली..."

"आईनं इचारलं, कुणाची हाय? म्या म्हणलं, आख्ख्या परंड्याची. आन लई बोलती म्हणून बी सांगितलं. ती म्हणली, बरंच हाय. फटाक्यापायी घरात सगळ्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलणारी एक पायजेच."

मी हसले. रडतारडताच हसले. जिन्यातूनही हसू ऐकू आलं.

"मग?" त्यानं विचारलं.

"आधी मला माझ्या भावाला ओवाळू द्या."

मी कोरीकडं तोंड करून ओवाळलं. शेजारी महारुद्रनं हात जोडले, मान लववली आणि गंभीरपणे म्हणाला, "राम राम मेव्हणं."

मी त्या 'मेव्हणं'ला हरकत घेतली नाही; तेच माझं उत्तर समजून पुतळाबाई जिन्यातूनच ओरडल्या, "पोरींनो, साखर आणा गं!"

लग्न आश्रमाच्या अंगणातच झालं. बोहल्यावर नवऱ्या मुलाचा कान पिळायला मुलीचा भाऊ लागतो. भटजींनी "भाऊ कुठाय?" विचारलं, तर तीसच्या तीस पोरी रांग लावून उभ्या! महारुद्रचा कान दोन दिवस लाल होता.

आणि मग आमचा पहिला पाडवा आला, तेरखेड्यातला. मी रांगोळी घातली, पाट मांडला. महारुद्र न सांगता, न बोलावता येऊन मांडी घालून बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं आणि तबक पुढं धरलं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून तबकात ठेवली.

"काय आहे?" मी विचारलं.

"भुईमूग," तो म्हणाला. "हुंगून बघ."

मी पुडी उघडली. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. आत खरंच मूठभर भाजलेल्या शेंगा होत्या, अजून गरम होत्या. आम्ही दोघांनी त्या पाटावरच बसून खाल्ल्या.