लुगड्याची खाच

मोरघळच्या पठारावर एकवीस पवनचक्क्या राहतात आणि एक माणूस. चक्क्या गावाच्याच. जमीनमालकांनी मिळून संस्था काढली, चक्क्या उभ्या केल्या, विजेचे पैसे घरबसल्या येऊ लागले, आणि हातपाय हलवायचं कारण उरलं नाही तसे एकेक करून सगळे खाली शहरात राहायला गेले. नलवडे तात्या तेवढे राहिले, कारण त्यांची बायको अनुसया घर सोडायला तयार नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती वारली. आता जाऊन तरी काय करायचं, म्हणून तात्या राहिलेच.

संस्थेची शास्त्रज्ञ शर्वरी काटदरे वर आली ती सात नंबरच्या चक्कीची तक्रार घेऊन. ही चक्की रोज सकाळी दहाला तात्यांच्या घराकडे जराशी मान वळवायची आणि अकराला पुन्हा सरळ व्हायची. तेवढा तास चांगला वारा वाया जायचा.

तात्यांनी चहा टाकला. बऱ्याच महिन्यांनी दोन कप निघाले. एकाचा कान तुटला होता, तो त्यांनी स्वतःकडे ठेवला.

शर्वरीने समजावून सांगितलं. जुन्या चक्क्या वारा आला की नुसत्या फिरायच्या, या शिकतात. झाड, भिंत, उभा माणूस, वाऱ्याच्या वाटेत जे येतं त्याच्यामागे वारा थोडा तुटतो. त्या तुटीला संस्थेत 'खाच' म्हणतात. चक्कीवरून सुटणारा प्रकाशझोत हवेतली धूळ न्याहाळून प्रत्येक खाच टिपतो, आणि कुठली खाच रोज केव्हा पडते याचा एक सवय-नकाशा तयार होतो. मग खाच पडायच्या आधीच चक्की वळून बसते. हा नकाशा पाच वर्षांतून एकदाच काढतात. मधे काय बदललं ते चक्कीला कळत नाही.

"दहा वाजता इथे काय असायचं?" तिने विचारलं.

तात्यांनी बाहेर बोट दाखवलं. कड्याच्या बाजूला दोन खांबांना तार बांधली होती. अनुसया दहाला तिथे नऊवारी लुगडं वाळत घालायची. अकराला ते काढायचीही, इतका वारा.

"म्हंजे ती गेल्याचं या चक्कीला कुणी सांगितलंच न्हाई," तात्या म्हणाले.

त्यांना बरं वाटलं. अनुसयेची आठवण ठेवणारं दुसरं कुणी त्यांना तीन वर्षांत भेटलं नव्हतं. मग जरा लाजतच त्यांनी विचारलं, "अन् माजी खाच?"

शर्वरीने नकाशा वरखाली केला. तात्या दिवसभर ओट्यावर, घराच्या आडोशाला बसायचे. तिथे वारा पोचतच नव्हता.

"तुमची सापडत नाही, तात्या."

"नसायचीच. मी कुणाच्या आड येत न्हाई."

चूक दुरुस्त करणं शर्वरीला भाग होतं. जुना नकाशा ती उद्या पुसणार होती. मग महिनाभर चक्क्या नव्याने पाहणार आणि जे दिसेल ते ठेवणार. महिनाभर जे दिसेल तेच का, असं तात्यांनी दोनदा विचारून घेतलं.

महिन्याने नवा नकाशा शर्वरीच्या टेबलावर आला. सात नंबर अजूनही दहाला वळत होती. खाली यंत्राने खाचांवरून घरांची माहिती स्वतःच भरली होती. 'नलवडे यांचे घर. रहिवासी : एक. स्त्री.'

तिने तात्यांना फोन लावला आणि सांगितलं की चूक झाली आहे, मी तुमचं नाव घालते.

"माजं घातलं तर तिचं निघंल का?"

"निघेल. यंत्राला एकच माणूस दिसतंय."

"मग ऱ्हाऊ द्या, ताई. अकरा वाजत आल्यात, लुगडं काढायचं हाय."

शर्वरीने ती ओळ तशीच ठेवली. संस्थेच्या नोंदीप्रमाणे नलवडे तात्या आता मोरघळला राहत नाहीत.