वसुंधराची स्क्रीन

फतेगंजातल्या एका सभागृहाची एलईडी स्क्रीन नीट करायला नयना आणि माधव दुपारी जेवूनच निघाले. काम साधं होतं. छत गळून स्क्रीनची मधली दोन पॅनेलं खराब झाली होती, ती माधवनं बदलली होती. पण नवी पॅनेलं जुन्यांपेक्षा उजळ दिसत होती, साडीला लावलेल्या ठिगळासारखी. तो फरक घालवणं हे नयनाचं काम.

अशा स्क्रीनमध्ये लाखो बारीक दिवे असतात आणि त्यांतले दोनसुद्धा सारख्या तेजाचे सापडत नाहीत. म्हणून मिट्ट अंधार करून समोर कॅमेरा ठेवायचा. आधी सगळे लाल दिवे लावायचे, मग हिरवे, मग निळे. फोटोवरून लॅपटॉप एकेका दिव्याचं तेज काढतो. मंद असेल त्याला चढवतो, भडक असेल त्याला उतरवतो, आणि ते आकडे स्क्रीनमध्ये भरून ठेवतो. मग पांढरा रंग लावला की सगळी स्क्रीन दुधासारखी एकसंध दिसते.

बडोद्यात या कामात नाव कमावलं होतं ते माधवच्या पहिल्या बायकोनं, वसुंधरानं. ती तापाचं निमित्त होऊन गेली आणि पुढे नयना दांडिया बाजारातल्या त्या घरात आली. वसुंधराचा कॅमेरा तिच्या हाती आला, वसुंधराची गिऱ्हाइकं आली. भिंतीवरच्या फोटोत वसुंधरा कमरेवर हात ठेवून उभी होती, घरात कोण शिरलंय ते बघत असल्यासारखी. नयना त्या भिंतीकडे पाठ करून जेवायची.

सभागृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मानसिंगरावांनी दार उघडतानाच सुरू केलं. "वसुंधरावहिनींचं शेवटचं काम हे. काय सरस हात होता हो! पुन्हा नाही झाला तसा."

नयना हसली. हसावंच लागलं.

निजामपुऱ्याहून केबल आणायला निघताना माधव दारात थांबला. "तू नवी दोनच मोज हं. बाकीचं तिचं आहे, त्याला हात नको लावूस."

"तिचं म्हणजे?"

"म्हणजे... चांगलं आहे ना ते. कशाला बिघडवायचं?" तो तिच्याकडे न बघताच बाहेर पडला.

नयनानं दारं लावली, काळे पडदे ओढले, दिवे घालवले आणि लॅपटॉपला अख्खी स्क्रीन मोजायला सांगितली. वसुंधराचा एकही आकडा आज ती शिल्लक ठेवणार नव्हती.

लाल दिवे लागले. सगळं सभागृह निखाऱ्यासारखं तांबडं झालं. कॅमेऱ्यानं फोटो घेतला. लॅपटॉपवर दिव्यांचा नकाशा उमटला आणि त्यात मधोमध एक काळपट डाग दिसला. दिवे बिघडले असतील म्हणून तिनं मान वर केली. स्क्रीन तर स्वच्छ लाल होती. तिनं पुन्हा डाग पाहिला. डोकं, खांदे, आणि एका बाजूला बाहेर आलेलं कोपर. कोणीतरी स्क्रीनसमोर कमरेवर हात ठेवून उभं होतं.

"मानसिंगराव?"

लाल विझलं. मधल्या अंधारात सभागृहाचा कुबट वास दबला आणि निलगिरीच्या तेलाचा वास आला. हा वास तिच्या ओळखीचा होता. माधवच्या कपाटात, तळाशी घडी करून ठेवलेल्या एका शालीला तो येत असे.

हिरवे दिवे लागले. या फोटोत डाग मोठा झाला होता. कोपर आता दिसत नव्हतं. हात कमरेवरून खाली आला होता. जी कोणी होती, ती कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत येत होती. आणि नयना कॅमेऱ्याला खेटूनच बसली होती.

"कोण... कोण आहे?"

निळ्या फोटोत नुसतं डोकं आणि खांदे होते. तेवढ्यानंच सगळी चौकट भरली होती.

उठून पळावं असं नयनाला वाटलं. लॅपटॉप विचारत होता, जुने आकडे पुसून नवे भरू का? नको म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण तिच्या मनात आलं, मेल्यावरसुद्धा हिला माझ्या कामात येऊन उभं राहायचंय. भीतीपेक्षा तो जळफळाट मोठा ठरला. तिनं बटण दाबलं आणि पांढरा रंग लावला.

लॅपटॉपनं आपलं काम चोख केलं होतं. जिथं मंद दिसलं, तिथं त्यानं तेज चढवलं होतं. स्क्रीनच्या मधोमध एक लखलखीत पांढरी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्याभोवती हिरवट उजेड होता आणि त्याबाहेर निळं वलय.

मागं दार वाजलं. केबलचं भेंडोळं खाली पडलं.

"वसू..." माधव म्हणाला.

हे नाव नयनानं त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. इतका हळवा आवाजही नाही. तो पहिल्या रांगेपर्यंत चालत गेला आणि खुर्चीत बसला. "राहू दे, नयना... थोडा वेळ राहू दे."

"नाही!" ती ओरडली. रडत रडत तिनं जुन्या आकड्यांची साठवलेली प्रत शोधून परत भरली. उजळ बाई विझली. मधल्या दोन ठिगळांखेरीज सगळी स्क्रीन दुधासारखी शांत झाली. वसुंधराचं काम जसंच्या तसं. तरी माधव उठला नाही.

नयना त्याच्या उजवीकडे जाऊन बसली. त्याचा हात तिनं घट्ट धरला. त्यानं धरू दिला, इतकंच. त्याचा डावा हात खुर्चीच्या डाव्या दांड्यावर उताणा होता, बोटं किंचित मिटलेली.

"घरी चला," ती पुटपुटली.

तो उठला. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटावी अशा त्या खुर्च्या होत्या. त्याची बैठक खट्कन मिटली. पाठोपाठ तिची. ती त्याला दंडाला धरून ओढतच दारापर्यंत घेऊन गेली.

दाराला हात घातला, तेव्हा मागं पहिल्या रांगेत तिसरी बैठक मिटल्याचा आवाज आला.