इंदूकाकींचं आंबवण

मोंबासाच्या उदरजीव प्रयोगशाळेत भिंतभर जगाचा नकाशा होता आणि तो सगळाच्या सगळा राखाडी होता. डॉ. शाल्मली बोरवणकर पाच आठवडे त्याच्यासमोर बसून होती. जिथे निराळ्या आतड्याचं माणूस सापडेल तिथे हिरवा ठिपका उमटणार होता. एकतीस लाख नमुने तपासून झाले, तरी लिमा, ओसाका, नागपूर, सगळीकडे राखाडीच.

"मला सोप्या शब्दांत सांगा," पडद्यावरून समान्न मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "माणसं जेवताहेत, तरी वाळताहेत. असं का?"

शाल्मलीची सहकारी डॉ. म्वानाइशा पुढे झाली. ती मोंबासाचीच. "आपल्या पोटात जिवाणूंचं एक जंगल असतं. आम्ही त्याला उदरवन म्हणतो. आपण जे खातो ते पचवायला हे उदरवन मदत करतं. आणि जसं खाणं, तसं उदरवन. पूर्वी दर दहा कोसांवर ते निराळं असायचं."

"आणि तीस वर्षांपूर्वी समान्न आलं, सगळ्या जगाला एकच सरकारी पाकीट," शाल्मली म्हणाली. "त्यानं जगातली भूक संपवली, हे मी कधीच नाकारणार नाही. पण सगळे एकच अन्न खाऊ लागले आणि सगळ्यांची उदरवनं एकसारखी झाली. आता एक विषाणू आलाय. तो माणसाला काही करत नाही, त्या उदरवनातल्या मुख्य जिवाणूला खातो. सगळ्या घरांना एकच कुलूप होतं, आणि चोराला किल्ली मिळाली."

अध्यक्षांनी विचारलं, "किती दिवस आहेत?"

"लहान मुलांसाठी तीन महिने."

त्याच दुपारी नकाशावर हिरवा ठिपका उमटला. रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्रालगतच्या साखरवेळ नावाच्या गावात.

इंदुमती नागवेकर बहात्तर वर्षांच्या होत्या. घरची माडांची बाग. नवरा माडी काढायचा, तो वारल्यावर काकी स्वतः कामाला माणूस ठेवून बाग सांभाळत होत्या. गावातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली असताना काकी विहिरीवर कपडे धूत होत्या.

"काय गो, आफ्रिकेतून एवढ्यासाठी आलीस?" त्यांनी विचारलं. "माझ्या पोटात काय बघायचंय?"

"काकी, तुम्ही काय खाता?"

"सरकारी पाकीट. सगळे खातात तेच." मग कपडा पिळता पिळता त्या म्हणाल्या, "आणि आठवड्यातून दोनदा सांदणं."

तांदळाची कणी, नारळाचं दूध, गूळ, आणि आंबवायला माडी. प्रत्येक वेळी थोडं पीठ मडक्यात शिल्लक ठेवायचं आणि पुढच्या खेपेला त्यातच नवं कालवायचं. काकींच्या आजेसासूच्या आधीपासून ते मडकं कधी रिकामं झालं नव्हतं.

"ह्यांना समान्न कधी रुचलं नाही," काकी म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी करायची. ते गेल्यावर हात थांबेना."

शाल्मलीने मडक्यातलं एक चमचा आंबवण सोबत घेतलं. प्रयोगशाळेत त्यातल्या जिवाणूवर विषाणू सोडला. चार दिवस सोडत राहिली. जिवाणू जिवंत राहिला.

मंडळाने लगेच निर्णय घेतला. या जिवाणूची एक गोळी करायची, आठशे कोटी नग, नव्वद दिवसांत. शाल्मलीची सही तेवढी हवी होती. तिने पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात म्वानाइशाने जनुकक्रमाचे कागद तिच्यापुढे ठेवले.

"हा जिवाणू तुमच्या कोकणातला नाही," ती म्हणाली. "निदान निम्मा नाही. हा भाग आमच्या किनाऱ्यावरचा आहे. कधीकाळी वाऱ्यावर गलबतं जायची-यायची, त्यातून आमच्याकडच्या कुणाचं तरी आंबलेलं पीठ तुमच्याकडे पोचलं असणार. तिथे ते माडीतल्या जिवाणूत मिसळलं. आणि ज्या बदलामुळे विषाणूला आत शिरता येत नाही, तो बरोबर त्या सांध्यावर आहे."

शाल्मलीने कागद दोनदा वाचले. मग पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही," तिने अध्यक्षांना सांगितलं. "काकींचा जिवाणू वाचला तो दोन ठिकाणचा मिळून झाला म्हणून. आपण त्याचीच आठशे कोटींना गोळी दिली, तर पुन्हा एकच कुलूप होईल."

"माणसं मरताहेत, डॉक्टर."

"म्हणूनच गोळी नको. आंबवण वाटा. एका घरानं तीन दिवसांत दहा घरांना द्यायचं. दहा खेपांत ते हजार कोटी घरांना पुरेल, म्हणजे एका महिन्यात. तुमच्या कारखान्याला तीन लागणार आहेत. अट एकच. प्रत्येक घरानं त्यात आपलं धान्य, आपलं पाणी, आपल्याकडचं जे काही आंबतं ते घालायचं."

"मग प्रत्येक ठिकाणी ते निराळं होईल. आम्ही दर्जा कसा तपासणार?"

"ते निराळं होईल, तेच औषध आहे."

अध्यक्षांनी डोळे मिटले. मग होकारार्थी मान हलवली.

साखरवेळहून मडकी निघाली. विमानतळांवर, बोटींवर, शाळांमधून, हातातून हातात. म्वानाइशाच्या आईने त्यात बाजरी घातली. जावा बेटावर कुणी कंद किसून घातला. पाचव्या आठवड्यात मुलांची वजनं वाढू लागली. नकाशावर हिरवा रंग आला, मग पिवळा, जांभळा, तांबडा, आणि शेवटी यंत्राकडचे रंग अपुरे पडले. तंत्रज्ञ एकमेकांच्या गळ्यात पडले. शाल्मली खुर्चीत बसून रडली.

चौदा महिन्यांनी विषाणू बदलला.

नव्या विषाणूला नेमकं एकच कुलूप उघडता येत होतं, काकींच्या मूळ जिवाणूचं. साखरवेळचं पाणी एक, तांदूळ एक, माडी एक, त्यामुळे तिथल्या सगळ्या मडक्यांत तोच जिवाणू होता. सगळा गाव आठवड्यात आडवा झाला. गोळी वाटली असती तर त्याच आठवड्यात सगळं जग आडवं झालं असतं. पण आजारी होतं फक्त एक गाव, आणि जगातली लाखो मडकी शाबूत होती.

शाल्मली पोचली तेव्हा काकींना उठून बसवत नव्हतं. तिने सोबत आणलेला आंबवणाचा डबा उघडून त्यांना दोन चमचे भरवले. गावात घरोघरी तेच वाटलं.

तिसऱ्या दिवशी काकी भिंतीला टेकून बसल्या. "हे कुणाकडचं?"

"जावाच्या एका बाईंकडचं. त्यांना ते म्वानाइशाच्या आईकडून मिळालं. आणि तिला तुमच्याकडून."

काकींनी जरा हिशेब लावला. "म्हणजे माझंच फिरून आलं?"

"फिरलं म्हणून वाचलं, काकी. इथेच राहिलं असतं तर इथेच संपलं असतं."

चौथ्या दिवशी काकी स्वतः चुलीपाशी गेल्या. त्यांनी जावाच्या आंबवणात आपली कणी कालवली, नारळाचं दूध ओतलं, बोट बुडवून चाटून पाहिलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं.

"उद्या हे तिकडे पाठव," त्या म्हणाल्या. "आणि त्या बाईला सांग, गूळ थोडा कमी घाल."