सातवी नळी

"रस्ता काय हिच्या बापाचा आहे?"

शिंपीकाका सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटले. नणंदबाई शिडीवर, त्यांच्या डोक्यापासून हातभर वर. ऐकू जाईल अशा बेतानेच पुटपुटणं होतं.

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत. आणि रात्रीबित्री नाही... भर दुपारी चार वाजता.

नणंद रस्त्यावर चार दिवसांपुरत्या कलाकृती उभारते. म्हणजे नक्की काय, ते मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. या वेळी एका जुन्या गल्लीत पिवळ्या प्लास्टिकच्या सात लांब नळ्या. दोन्ही टोकांना कर्णे. इकडून बोलायचं, तिकडे दुसऱ्याने कान लावायचा. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी बोलावं, एवढंच.

गल्ली बोलेना. कुणी दोन कर्ण्यांत चिखल कोंबला. तिचं स्वतःच्या नावाचं हे पहिलंच काम, आणि परवानगीची अट अशी की तीन रहिवाशांनी तक्रारीवर सह्या केल्या तर त्याच दिवशी सगळं उतरवायचं.

सातवी नळी शिंपीकाकांच्या भिंतीवरून निघून कोपऱ्यातल्या बंद घराशी पोचत होती. "तिथे काही लावायचं नाही," सगळ्यांनी बजावलं. का, ते कुणी सांगेना. मग तिने ते टोक बूच चिकटवून बंद केलं.

चार वाजता ती एकेका कर्ण्याला कान लावून बघत होती. पाचवीत खोकला. सहावीत कुणाची तरी शिवी.

सातवीत...

टक्. टक्. टक्.

ती धावत दुसऱ्या टोकाला गेली. बूच जागच्या जागी. परत आली. कान लावला.

"काका... कडी काढा ना."

बाईचा आवाज. घसा सुकलेला.

"काका, तुम्हाला कुणी हाक मारतंय," नणंद म्हणाली.

शिलाईचं मशीन थांबलं.

कोण, असं काकांनी विचारलंच नाही.

त्यांनी खिशातून कागद काढला. खाली त्यांची सही, चष्म्याच्या दुकानातल्या ताईंची सही. तिसरीची जागा कोरी. "आजी, इकडे या! करा सही. आजच उतरू दे हे!"

इस्त्रीवाली आजी हळूहळू आली.

"करा, आजी," नणंद म्हणाली. "पण आधी ऐका."

"ऐकायचं काही नाही!" काका ओरडले.

आजीने कान लावला. बराच वेळ...

ती नळी आज आमच्या माळ्यावर आहे. नणंदेला टाकवत नाही. मी मात्र माळ्याकडे पाठ करून भाजी चिरत नाही, आणि बूच अजून कुणी काढलेलं नाही.

आजीने कान काढला. पेन काकांच्या हातात परत दिलं.

"मला आजी म्हणाली," ती म्हणाली. "तेव्हाही आजीच म्हणायची."

"आजी, गप्प बसा."

"इतकी वर्षं बसलेच ना. तिचा ताप आपल्याला लागू नये म्हणून त्या कोपऱ्यातल्या घराला बाहेरून कडी आपण लावली. तीन दिवस हाका मारत होती. तू ऐकल्यास, मी ऐकल्या. सगळ्या गल्लीने ऐकल्या."