हर्षलच्या जागेवर आठ खुंट्या

मोहिमेचा उद्देश उदात्त होता: हर्षलची जिरवणं.

अर्थात कुंदनने बायकोला हे असं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "सुरगाण्याच्या जंगलात, ओहोळाकाठी, माणसाचं पाऊल न लागलेली जागा शोधायचीय. तंबू टाकायचा, राहायचं, निसर्गात विरघळायचं."

सायली मेथी निवडत होती. ती नामपूरची, कांद्याच्या ढिगाला नुसतं नाक लावून आतला सडका कांदा ओळखणाऱ्या घरातली. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे हर्षलभाऊजींची जागा ना?"

कुंदनने मेथीची एक जुडी पुढे ओढली. कान मात्र लाल झाले.

हर्षल त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर वरच्या मजल्यावर राहायचा. शाळेतही तो कुंदनच्या पुढच्या बाकावर होता, म्हणजे कुंदनने आयुष्यभर एकतर त्याची पाठ पाहिली होती, नाहीतर त्याची पावलं ऐकली होती. हर्षल शिंकला तरी कुंदनला वाटायचं, याला शिंकसुद्धा माझ्यापेक्षा भरदार येते. 'रानवेडे' नावाच्या त्यांच्या भटक्या ग्रुपचा वर्षअखेरचा मुक्काम सलग तीन वर्षं हर्षलने सुचवलेल्या जागी झाला होता. नियम कडक होते: रस्ता नको, दुकान नको, संडास नको, पाणी हाकेच्या अंतरावर हवं.

आणि मग गेल्या डिसेंबरात तो फोटो आला. झुळझुळ ओहोळ. काठावर ताटासारखी गोल, सपाट, गुळगुळीत जमीन. तिच्यावर हर्षलचा नारिंगी तंबू. मागे एकाच बुंध्यातून फुटलेले दोन साग आणि दात पडल्यासारखी खाच असलेला डोंगर. खाली एकच ओळ: 'जंगल स्वतः निवडतं.' जागा कुठली, हे हर्षलने कुणालाही सांगितलं नाही. मुक्कामासाठी सगळ्यांनी हातापाया पडून विचारलं, तर साहेब नुसते हसले!

एकशे बारा लोकांना तो फोटो आवडला. सायलीने त्याखाली तीन ज्वाळा टाकल्या होत्या. कुंदनच्या कुठल्याही फोटोखाली तिने आजवर एकच अंगठा टाकला होता.

पुढचे अकरा महिने कुंदन आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून उपग्रहाचे नकाशे चाळत राहिला. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचायचं आणि हा डोंगर वाचायचा. एकदा एका आजोबांना त्याने जवळच्याऐवजी लांबचा चष्मा दिला, आणि त्याच दिवशी त्याला तो खाचवाला डोंगर सापडला. आता तिथे जायचं, तंबू ठोकायचा, फोटो काढायचा आणि नेमका पत्ता सगळ्या ग्रुपला वाटून टाकायचा. यंदाचा मुक्काम त्याच जागी, पण कुंदनच्या नावावर! संपला हर्षल!

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तिघं सुरगाण्याला जीपमधून उतरले. तिसरा गडी म्हणजे कुंदनचा मावसभाऊ रोहित. तो मनमाडला रेल्वेत होता. रुळांशिवाय दुसऱ्या कशावरूनही माणूस कुठे पोचू शकतो, यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

"दादा, पायवाट कुठंय?" त्याने विचारलं.

"पायवाट नाही, हीच तर मजा आहे."

"आणि परतीची गाडी?"

"तीही नाही."

रोहितने पिशवीतून फरसाण काढलं आणि मोहिमेला सुरुवात केली.

उतार तीव्र होता. सागाची वाळलेली पानं पावलागणिक पापड मोडल्यासारखी वाजत होती, मधूनच पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि खालचा दगड बाजूला सरकायचा. मोबाइलचं नेटवर्क पहिल्या वळणावर गेलं, नकाशा दुसऱ्या वळणावर गोठला आणि तिसऱ्या वळणावर कुंदन स्वतःच घसरगुंडीवरून गेल्यासारखा वीस फूट खाली गेला. तिथे एका वेलीने त्याला अडवलं. वेलीला सोनेरी मखमली शेंगांचे घोस लटकत होते. काय देखणी शेंग! कुंदनच्या मनात पहिला विचार आला: हर्षलच्या एकाही फोटोत ही शेंग नाही.

त्याने घोस तोडला, गळ्यात मफलरसारखा अडकवला आणि ओरडला, "रोहित, फोटो काढ!"

"अहो, टाका ते!" वरून सायली किंचाळली. "खाजकुयली आहे ती!"

उशीर झाला होता. पुढचा अर्धा तास कुंदनने जे केलं त्याला नाच म्हणता येईल, पण ताल नव्हता. मान, छाती, पोट, सगळीकडे आग! रोहितने त्याच्या अंगावर पिण्याचं पाणी ओतलं. आग पसरली.

"शेण लावतात याला," सायली म्हणाली.

"मेलो तरी शेण लावणार नाही!" कुंदन गरजला. जंगलाने ते ऐकून ठेवलं असावं.

खाजवत, धडपडत, दोनदा त्याच ओहोळात पडत तिघं तीनच्या सुमाराला एका वळणावर आले, आणि कुंदन थबकला. खाचवाला डोंगर! जोडसाग! आणि काठापासून चार पावलं वर, शेताच्या एका तुकड्याला लागून, ती ताटासारखी गोल जमीन. फोटोत होती त्याहून गुळगुळीत. तिच्या बरोबर मध्यभागी मनगटाएवढं एक भोक होतं.

"बघ!" कुंदन भोकापाशी उकिडवा बसला. "हर्षलच्या तंबूच्या खांबाचं भोक!"

सायलीने वाकून जमिनीवर बोट फिरवलं, वास घेतला. शेतात रचून ठेवलेल्या नाचणीच्या, इकडच्या भाषेत नागलीच्या, उडवीकडे पाहिलं. तिची चप्पल केव्हाच हातात आली होती.

"अहो, हे खळं आहे. सारवलंय. कुणीतरी उद्यापरवा मळणी घालणार आहे इथे. ते भोक मेढीचं आहे, बैल बांधायच्या खांबाचं. चला, त्या बाजूला टाकू तंबू."

"त्या बाजूला दगड आहेत."

"असू देत. खळ्यात चपला घालून जात नसतात."

"हर्षल गेलाच ना?"

"मग हर्षलभाऊजी चुकले."

आता हे वाक्य कुंदनला खरं तर गोड लागायला हवं होतं. पण त्यातल्या 'भाऊजी'तच त्याला एक ज्वाळा दिसली. हर्षलने जिथे तंबू टाकला तिथे मी टाकायचा नाही? मी दगडांवर झोपायचं?

त्याने पहिली खुंटी रोवली आणि हातोडी उचलली. ठाक! सारवणाचा पोपडा उडाला.

"हाई खळं शे! खळं!" सायलीचा पारा चढला की ती थेट माहेरच्या अहिराणीत जायची. कुंदनने आठही खुंट्या ठोकल्या. सायली दगडांवर जाऊन पाठमोरी बसली.

तंबू उभा राहिला. फोटोही निघाला. पण मागचा डोंगर त्यात दिसत नव्हता. दिसत नव्हता, कारण तो उरलाच नव्हता. खाचेतून काळंकुट्ट आभाळ खाली ओतल्यासारखं उतरत होतं.

डिसेंबरात पाऊस? अवकाळी! आधी वारा आला, मग बोराएवढे थेंब, आणि मग थेंब मोजण्यात अर्थ राहिला नाही.

"रोहित कुठंय?" सायली उभी राहिली.

रोहित तांदूळ धुवायला ओहोळाच्या मधल्या खडकावर गेला होता. तो अजून तिथेच होता. खडक मात्र निम्माच उरला होता! वर डोंगरात पाऊस आधीच झोडपत असणार. ओहोळाचा रंग चहासारखा झाला, आवाज गाडीसारखा.

"दादा!" रोहितने पातेलं छातीशी धरलं होतं. "पाणी वाढतंय! मला पोहता येत नाही!"

"पातेलं टाक!"

"तांदूळ आहेत त्यात!"

कुंदन धावला. दोर! दोर कुठाय? दोर तंबूला! त्याने एक गाठ ओढली. सुटेना. दातांनी सोडली. दुसरी. तिसरी. चारही दोर एकमेकांना बांधले, एक टोक जोडसागाला, दुसरं कमरेला, आणि तो पाण्यात शिरला. गुडघा. मांडी. कंबर! पायाखालचा दगड फिरला, नाकातोंडात गढूळ पाणी गेलं, आणि त्या क्षणी त्याच्या मनात आलेला विचार लिहायला लाज वाटते, पण खरा होता: हर्षल असता तर चष्मा वाहून जाऊ दिला नसता.

"उडी मार!"

"नको!"

"रोहित, गाडी सुटते आहे!"

रेल्वेच्या माणसाच्या पायांना ते बरोबर कळलं. रोहितने उडी मारली. कुंदनने त्याची कॉलर पकडली, सायलीने काठावर टाचा रोवून दोर खेचला, आणि तिघं मिळून चिखलात असे पडले की कुणाचा पाय कुणाचा, हे ठरवायला वेळ लागला. पातेलं रोहितच्या हातात होतं. तांदूळ नव्हते.

इकडे दोर सुटलेल्या तंबूत वारा भरला, खुंट्या पटापट उखडल्या आणि तंबू गाभण म्हशीसारखा फुगून लोळायला लागला. तेवढ्यात वरच्या बांधावरून आरोळी आली.

"धरा त्याला! माझी नागली भिजं! धरा!"

डोक्यावर फाटकं प्लास्टिक घेतलेली एक बाई उतारावरून धावत येत होती. तिच्यामागे नवरा, त्याच्या हातात दुसरं, त्याहून फाटकं प्लास्टिक. उडवीवरचं गवत वाऱ्याने उडवून नेलं होतं. वर्षभराची भाकरी उघड्यावर पडली होती!

कुंदनने तंबूकडे पाहिलं. कोरा. दुकानातला विक्रेता म्हणाला होता, हिमालयातही टिपूस आत येणार नाही. अजून याच्यात एक रात्रसुद्धा काढली नव्हती, आणि धड एक फोटोही निघाला नव्हता. त्याने उडवीकडे पाहिलं. काळी पडत चाललेली कणसं.

"रोहित, त्या बाजूने धर!"

पाच जणांनी तंबू उचलला. वाऱ्याने तो दोनदा हिसकावला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उडवीवर पालथा घातला, कडेने दगड रचले. एक टोक उडत होतं, त्यावर रोहित बसला. ती खरी मजबूत खुंटी ठरली.

अंधार पडायच्या आत पाऊस ओसरला. त्या बाईचं नाव मंगलाबाई, नवऱ्याचं झिपरू. त्यांच्या झोपडीत चुलीपुढे सगळे वाफाळत बसले. मंगलाबाईने नागलीची भाकरी आणि लाल चटणी पुढे ठेवली, आणि मग कुंदनच्या मानेकडे पाहिलं.

"खाजकुयली?"

कुंदनने मान हलवली. ती उठली आणि गोठ्यातून ताजं शेण घेऊन आली. कुंदनने सदरा काढला. सायलीने छताकडे पाहिलं. हसू दाबायला तिला दुसरी जागा मिळेना.

"नागली वाचिवली, ते लय बरं केलंस," मंगलाबाई शेण थापत म्हणाली. "पन खळ्यावर चपला घालून गेलास. खुट्या ठोकल्यास. आठ. मोजल्या मी. आमच्यात ज्यानं खळं मोडलं त्यानंच ते सारवायचं, दुसऱ्याचा हात चालत नाय. त्याबिगर मळनी नाय. सकाळी लाग कामाला."

झिपरू विडी पेटवत हसला. "मागल्या साली बी एक आलता. नारिंगी तंबू. त्यानं बी ठोकल्या खुट्या."

कुंदनने भाकरी खाली ठेवली. "काळा गॉगल? मोठ्याने शिंकतो?"

"तोच! शिंकला की बैल बिचकायचा. दोनदा सारवाय लावलं हिनं त्याला. गुडघं फुटलं, रडकुंडीला आलता."

चुलीच्या उजेडात कुंदनचा चेहरा असा उजळला की बाजूचं मांजर दचकलं. जंगल स्वतः निवडतं काय! रडकुंडीला! अकरा महिन्यांनी त्याच्या पोटात काहीतरी गार पडलं. पत्ताच काय, ही सगळी गोष्टच ग्रुपवर टाकायची!

"पन हात चांगला व्हता हां त्याचा," मंगलाबाई म्हणाली. "बाईमानसाला जमनार नाय असं सारवलं व्हतं."

पोटातलं गार पुन्हा पेटलं.

सकाळी ऊन पडलं. कुंदनने खुंट्यांची भोकं मातीने बुजवली, घमेल्यात शेण कालवलं आणि गुडघ्यांवर बसून सारवायला लागला. दुपारी मंगलाबाई येऊन बघून गेली. "चालंल."

"त्याच्याइतकं?"

"नाय."

वाळल्यावर त्याने दुसऱ्यांदा सारवलं. बोटांचे फराटे सरळ, मग अर्धगोल. "बरं हाय," मंगलाबाई म्हणाली. "पन त्याचं कसं, आरशावानी व्हतं." झिपरूने समजावलं, बाबा, झालं तेवढं पुरे, मळणीला बैल पाहायचाय, आरसा नको. रोहित म्हणाला, दादा, उद्या ड्यूटी आहे. सायली दगडावर बसून त्याच्याकडे बघत होती, आणि यावेळी पाठमोरी नव्हती. कुंदनने तिसऱ्यांदा शेण कालवलं.

दिवस कलताना मंगलाबाई खळ्याभोवती एक फेरी मारून आली. "आता बरोबरीला आलं," ती म्हणाली. "पुढल्या शनवारी पुन्हा सारवायचं हाय. आर्धी नागली मागं राहनार."

तंबू कुंदनने परत मागितलाच नाही. उडवीवर तो छान बसला होता.

सुरगाण्याला जीपमध्ये बसल्यावर नेटवर्क आलं. कुंदनने ग्रुप उघडला, पत्ता लिहिला, आणि बोट थांबलं. चाळीस तंबू. प्रत्येकाच्या आठ खुंट्या. त्याने एकेक अक्षर खोडलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. सायलीने शेजारच्याच सीटवरून त्याचा एक फोटो पाठवला होता: शेणाने माखलेला, गुडघ्यांवर बसलेला, चष्मा नसलेला माणूस. खाली तीन ज्वाळा.

त्या वर्षीच्या मुक्कामासाठी कुंदन आणि हर्षल यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. पैसे भरून तयार तंबू मिळतात तिथे जायचं ठरलं. ग्रुपला धक्का बसला.

पण ते नंतर. त्या सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये हर्षल भेटला. त्याची नजर कुंदनच्या नखांवर गेली. नखांत अजून हिरवट कड होती. लिफ्ट दोन मजले खाली आली.

"किती वेळा?" हर्षलने हळूच विचारलं.

"तीनदा."

हर्षलचा चेहरा पडला. "मला दोनदाच करू दिलं." मग, "काय म्हणाली ती? कुणाचं चांगलं झालं?"

लिफ्टचं दार उघडलं. कुंदन बाहेर पडला. बरोबरी झाली होती, हे त्याला माहीत होतं. सांगायलाही हरकत नव्हती.

"जंगल स्वतः निवडतं," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी सकाळी कुंदन गॅलरीत दात घासत होता. खाली हर्षल गाडीत सामान भरत होता. सॅक नव्हती. तंबू नव्हता. त्याने एक नवं कोरं घमेलं मागच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि दार बंद केलं.

कुंदनच्या तोंडातला ब्रश थांबला.

"सायली!" तो फेसासकट ओरडला. "आपलं घमेलं कुठंय?"