वेणूआजीचं दळण

त्या रविवारी काम तसं साधंच होतं. हरिचंद्रकाकांची होडी डांबर लावून वाळली होती, ती पाण्यात घालून थोडी फिरवून आणायची. काकांनी ते पुतण्यावर, कल्पेशवर सोपवलं आणि कल्पेशने कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना बदलापूर गावात बोलावून घेतलं. विठ्ठलवाडीची वैष्णवी गॉगल आणि स्पीकर घेऊन आली. मांजर्लीची स्वप्नाली आली ती फुगलेली सॅक पाठीवर घेऊन.

“काय भरलंय यात? संसार?” वैष्णवीने विचारलं.

“शिट्टी, टॉर्च, ओआरएस... आणि तांदूळ.”

“तांदूळ?”

“मोबाईल पाण्यात पडला तर त्यात ठेवायला.”

“अगं, अर्धा किलो? पूरी होडी सुखाने का इरादा है क्या?”

स्वप्नालीही हसली, पण नदीकडे बघणं टाळत. २०२१च्या पुरात उल्हास नदी तिच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढली होती. तेव्हापासून तिच्या खोलीची नदीकडची खिडकी उघडली नव्हती. भांडं पडलं तरी ती दचकायची. आज तिने मनाशी पक्कं केलं होतं, एकदा या पाण्यावर बसून परत यायचं. नाही जमलं तर जन्मभर अशीच भीत राहीन.

बंधाऱ्याच्या वर पाणी संथ होतं. कल्पेश वल्हवत होता. काठाला म्हशी डुंबत होत्या. वैष्णवीने तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाटल्या आणि अर्ध्या तासाने स्वप्नालीची होडीच्या कडेवरची मूठ आपोआप सैल झाली.

वळणावर उंबराची सावली पाण्यात उतरली होती. “इथेच थांबू,” म्हणत कल्पेशने दोराला बांधलेला दगड उचलला.

स्वप्नालीने तो ओळखला. “ही जात्याची वरची तळी आहे ना?”

“हो. लोखंडी नांगर काकांनी वेल्डिंगला दिलाय. हे घरामागे पडलेलं. भोक आयतंच.”

तळी पाण्यात गेली. बुडबुडे आले, थांबले. डबे उघडले, गप्पा झाल्या आणि भर दुपारी तिघांनाही डुलकी लागली.

स्वप्नालीला जाग आली ती आवाजाने. घर्र... घर्र... फार खालून, लयीत. कुठेतरी रेतीचा पंप असेल, असं तिने स्वतःला समजावलं. उंबराची सावली सरकली होती. मग तिच्या लक्षात आलं की मघाशी पाठीवर असलेलं ऊन आता तोंडावर आहे. थोड्या वेळाने ते पुन्हा पाठीवर गेलं.

वारा नव्हता, ओढ नव्हती. होडी नुसती गोल फिरत होती.

“कल्पेश... ऊठ.”

तो उठला. दोर ताठ झाला होता आणि प्रत्येक फेऱ्याला वीतभर आत जात होता, जणू खाली कुणी गुंडाळून घेत होतं. होडीचं पुढचं टोक खाली झुकलं. पाण्याची पहिली चूळ आत आली. कल्पेश गाठीशी झटला, पण भिजलेली नायलॉनची गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. सुरी कुणाकडेच नव्हती. आणि पोहता फक्त त्याला एकट्याला येत होतं.

“क्या हो रहा है यार...” वैष्णवीचा आवाज फाटला.

हवेत वास पसरला. ओल्या चिखलाचा नव्हे, ताज्या पिठाचा.

“कल्पेश, हे जातं कुणाचं?” स्वप्नालीने विचारलं.

“वेणूआजीचं. माझी पणजी.” तो कुजबुजला. “२००५च्या पुरात इथलाच काठ कोसळला. आजी, झोपडी, खालची तळी... सगळं गेलं. सापडलं काहीच नाही. ही वरची तळी तेवढी टाकी लावायला, टोचे मारून खरबरीत करायला गावात दिलेली, म्हणून राहिली.”

“आणि तू ती इथे आणून टाकलीस?”

“असं काही होईल हे मला कुठे माहीत होतं गं...”

घर्र... घर्र... आता पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. पाणी घोट्याला लागलं.

आणि स्वप्नालीला आठवली तिची स्वतःची आजी, सुंदराबाई. लहानपणी स्वप्नाली खेळ म्हणून जात्याचा खुंटा फिरवायला गेली, की ती हात धरायची. रिकामं जातं फिरवू नये पोरी, आधी त्याच्या तोंडात मूठभर घाल.

तिने सॅक ओढली. तांदळाच्या पिशवीची झिप दोनदा निसटली. झुकलेल्या टोकापर्यंत ती गुडघ्यांवर रांगत गेली, जिथे जायला दोघांपैकी कुणी धजत नव्हतं. दोराच्या कडेने तिने तांदूळ सोडले. एक मूठ, दुसरी मूठ, मग सगळेच.

“आजी,” ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, “दळण आणलंय गं. एवढं दळ आणि ऊठ. आम्हाला घरी जायचंय.”

घरघर मंदावली. जड झाली, भरल्या जात्याची होते तशी. मग थांबली.

होडीचं टोक झटक्यात वर आलं. कल्पेशने दोर ओढला, तर तळी सुपासारखी हलकी वर आली, धुतल्यासारखी स्वच्छ. वैष्णवी एकदम रडायला आणि हसायला लागली. “स्वप्ने! डरपोक म्हणायचो तुला आम्ही! आजपासून तू बॉस!”

“सरक,” स्वप्नाली कल्पेशला म्हणाली. “वल्हं दे इकडे.”

गावाच्या काठापर्यंत होडी तिनेच आणली. वाकडीतिकडी, पण तिनेच. हरिचंद्रकाका पाण्यात उतरून सामोरे आले. त्यांनी तळी पाहिली, पुतण्याकडे पाहिलं आणि ती डोक्यावर घेऊन घरी नेली.

संध्याकाळी स्वप्नालीने खोलीची खिडकी उघडली. बिजागरं कुरकुरली, ती दचकली नाही. नदी खाली सोनेरी झाली होती. “ये, किती यायचंय तेवढी,” ती हसून म्हणाली.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“सॅक धुवायला काढली गं,” आई, सरस्वती, आतून म्हणाली. “एवढं छान पीठ कुठून आणलंस? गिरणीचं नाही हे. जात्यावरचंय.”

ओट्यावर तिची झिपची पिशवी होती. होडीत तिने ती रिकामी करून, झटकून, सवयीने झिप लावून सॅकमध्ये कोंबली होती. आता ती भरलेली होती.

स्वप्नालीने आत हात घातला. पीठ अजून कोमट होतं.